वाटा आणि अन्नवस्त्र : मुंबई इलाख्यातील हिंदू व मुस्लिम स्त्रियांच्या दर्जाचा एक विचार

१. प्रश्नाची मांडणी

भूतकाळातील स्त्रियांच्या सामाजिक दर्जाची चर्चा आपल्याकडे बहुधा धर्मग्रंथांपासून सुरू होते आणि धर्मग्रंथांपाशीच संपते. एका बाजूस स्मृतिवचने मांडली जातात, दुसऱ्या बाजूस कुराणातील वारसाविषयक आज्ञा. आणि मग कोणत्या धर्माने स्त्रीला अधिक दिले याचा निवाडा करण्याचा मोह होतो. असा निवाडा करणारा अभ्यासक हिंदू असो वा मुसलमान, त्याचे उत्तर पुष्कळदा प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे. ग्रंथात हक्क लिहिलेला असणे आणि तो हक्क एखाद्या स्त्रीच्या हाती पडणे या दोन भिन्न घटना होत. त्यांच्यामध्ये कुटुंब, जात, जमात, पंचायत, काझी, शास्त्री आणि शेवटी न्यायालय अशी मोठी साखळी उभी असते. स्त्रीचा दर्जा खऱ्या अर्थाने ठरतो तो या साखळीत.

प्रस्तुत लेखात या साखळीच्या शेवटच्या कडीचा, म्हणजे न्यायालयाचा, विशेष विचार केला आहे. क्षेत्र मुख्यतः मुंबई इलाख्याचे आणि काळ मुख्यतः एकोणिसाव्या शतकाचा घेतला आहे. त्याची पूर्वपीठिका म्हणून सतराव्या व अठराव्या शतकांकडे, आणि परिणती म्हणून विसाव्या शतकाकडे पाहिले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे : हिंदू आणि मुस्लिम स्त्रियांच्या ग्रंथोक्त हक्कांत मोठा फरक असूनही त्यांची प्रत्यक्ष स्थिती पुष्कळ अंशी सारखी राहिली. कारण 'या स्त्रीला ग्रंथ लागू करावयाचा की रूढी', ही निवड करण्याचा अधिकार तिच्याकडे कधीच नव्हता. आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांनी ती निवड बहुधा तिच्या विरोधात जाईल अशीच केली.

मराठी भाषेतील दोन शब्द या विषयाची गुरुकिल्ली ठरावेत असे आहेत. कुटुंबाच्या मालमत्तेत पुरुषाला मिळतो तो 'वाटा', आणि स्त्रीला मिळते ते 'अन्नवस्त्र'. वाटा मागता येतो, मोजून घेता येतो, विकता येतो. अन्नवस्त्र दिले जाते. वाटेकरी हा मालक असतो. अन्नवस्त्राची अधिकारी स्त्री ही कुटुंबाच्या मर्जीवर जगणारी आश्रित असते. पुढील विवेचनात हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागेल.

२. ग्रंथांतील स्थिती

महाराष्ट्रात हिंदू वारसाहक्काचे दोन प्रमुख आधारग्रंथ मानले गेले. पहिला विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा'. ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने सिद्ध झाली. दुसरा सतराव्या शतकातील नीलकंठभट्टाचा 'व्यवहारमयूख'. मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील या पंडिताचा ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत विशेष प्रमाण मानला जाई. मिताक्षरेनुसार एकत्र कुटुंबातील पुत्राला जन्मतःच मालमत्तेत हक्क प्राप्त होतो. कन्येला होत नाही. निपुत्रिक व विभक्त झालेल्या पुरुषाची पत्नी वारस ठरते. परंतु कुटुंब अविभक्त असेल तर तिच्याकडे उरते ते अन्नवस्त्रच. विवाहप्रसंगी व आप्तांकडून मिळालेले 'स्त्रीधन' मात्र तिचे स्वतःचे मानले गेले. इतर प्रांतांच्या तुलनेत मुंबई इलाख्यातील परंपरा काहीशी उदार होती. येथे कन्येला वारसाने मिळालेली मालमत्ता पूर्ण मालकीने मिळे, आणि बहिणीलाही वारसांत स्थान होते.

इस्लामी धर्मशास्त्रातील चित्र निराळे आहे. तेथे कन्या ही जन्मसिद्ध वारस आहे. पुत्राच्या निम्मा का होईना, तिचा वाटा निश्चित केलेला आहे. अपत्ये असतील तर विधवेला एक-अष्टमांश, नसतील तर एक-चतुर्थांश हिस्सा मिळतो. विवाह हा करार असल्याने पत्नीला 'महर' देय होते. तिची मालमत्ता विवाहानंतरही तिचीच राहते. विधवेच्या व घटस्फोटितेच्या पुनर्विवाहास कसलीही आडकाठी नाही. मात्र तलाकचा अधिकार मुख्यतः पतीकडे आहे. भारतात बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी पंथाचे अनुयायी होते त्या पंथाच्या मतानुसार पतीच्या संमतीवाचून सुटका करून घेणे पत्नीला अतिशय कठीण होते. बहुपत्नीकत्वाची मुभा हिंदू व मुसलमान दोन्ही पुरुषांना होती. मुसलमानास चारची मर्यादा होती, हिंदूस तीही नव्हती.

एवढ्यावरून निष्कर्ष काढावयाचा तर मालमत्तेच्या बाबतीत मुस्लिम स्त्री पुष्कळच वरचढ होती असे म्हणावे लागेल. परंतु ग्रंथाचे पान उलटून गावात, पेठेत आणि कचेरीत शिरले की हा निष्कर्ष टिकत नाही.

३. इंग्रजपूर्व व्यवहार

इंग्रजपूर्व काळातील स्त्रीजीवन ग्रंथांच्या चौकटीत बसणारे नव्हते, हे दोन उदाहरणांवरून दाखविता येईल.

पहिले उदाहरण सुरतेचे. हे बंदर पुढे मुंबई इलाख्यात आले. सतराव्या शतकात ते मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. त्या काळातील सुरतेच्या मुसलमानांचे काही फारसी निकाहनामे उपलब्ध असून इतिहासकारांनी त्यांचा अभ्यास केला आहे. त्यांत महराच्या रकमेबरोबर पतीवर घातलेल्या चार अटी वारंवार आढळतात : पहिली पत्नी असताना त्याने दुसरा विवाह करू नये, तिला मारहाण करू नये, अन्नवस्त्राची सोय न करता ठराविक मुदतीहून अधिक काळ परगावी राहू नये, आणि घरात दासी ठेवू नये. अटीचा भंग झाल्यास पत्नीला विवाहबंधनातून मुक्त होण्याचा मार्ग मोकळा होई. म्हणजे शास्त्राने पतीला दिलेली मुभा स्थानिक व्यवहाराने कागदावर सही घेऊन आवळली होती. व्यापारानिमित्त वर्षानुवर्षे समुद्रापार राहणाऱ्या पुरुषांच्या नगरात अशा अटींची निकड का भासली असेल हे सहज समजण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण मराठी मुलखाचे. ब्राह्मण व तत्सम उच्च जातींत विधवाविवाह निषिद्ध होता. परंतु शेतकरी, कारागीर व इतर अनेक जातींत 'पाट' किंवा 'मोहतूर' या नावाने स्त्रीचा दुसरा विवाह सर्रास होत असे. तो पहिल्या लग्नाइतका प्रतिष्ठित नव्हता. तरी तो समाजमान्य होता, इतका की त्यावर सरकार कर घेई आणि त्या कराला 'पाटदाम' असे नाव होते. ज्या व्यवहारावर सरकार कर बसविते तो व्यवहार बेकायदेशीर म्हणता येत नाही. पती जिवंत असतानाही अनेक जातींत 'काडीमोड' व 'सोडचिठ्ठी' चालत असे. 'फारकत' हा त्याच अर्थाचा शब्द तर मराठीने अरबी-फारसीतून घेतला आणि तो हिंदू कुणब्याच्या तोंडीही तितकाच रुळला. कायद्याची भाषा धर्माच्या सीमा ओलांडून एकमेकींत मिसळत होती याचा हा बोलका पुरावा होय.

अर्थात या काळाचे सुवर्णयुग म्हणून वर्णन करण्याचे कारण नाही. पेशवाईत बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला कुणबीण म्हणजे सरकारी दासी करण्यात येई; अशा स्त्रियांची खरेदी-विक्री होत असल्याचे दप्तरांत नमूद आहे. ज्या पुरुषाबरोबर तिने अपराध केला त्याच्या वाट्याला ही गुलामगिरी येत नसे. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन, बालविवाह आणि क्वचित सहगमन या गोष्टी होत्याच. तसेच श्रीमंत मुसलमान घराण्यांतील पडदा आणि मराठा सरदार घराण्यांतील गोषा यांत तत्त्वतः फारसे अंतर नव्हते; उलट शेतात राबणाऱ्या हिंदू-मुस्लिम स्त्रियांना दोहोंपैकी काहीच परवडणारे नव्हते. १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला लढविणारी चांदबिबी, किंवा १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार पाहणारी अहिल्याबाई होळकर, यांच्या कर्तृत्वावरून सामान्य स्त्रीच्या दर्जाचे अनुमान करणेही म्हणूनच धोक्याचे आहे. त्यांना सत्ता मिळाली ती राजघराण्यातील स्थानामुळे. तशी संधी इतर स्त्रियांना नव्हती.

या काळाविषयी म्हणता येईल ते इतकेच : व्यवहार विविध होता, आणि त्या विविधतेत काही स्त्रियांना, विशेषतः ज्यांना आपण खालच्या जातींतील म्हणतो अशा स्त्रियांना, हालचालीला थोडी जागा होती.

४. इंग्रजी न्यायव्यवस्था आणि निवडीचा प्रश्न

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेने बंगालमध्ये असे ठरले की विवाह, वारसा, जात इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली झालेल्या नियमावलीने मात्र वेगळा क्रम लावला. कायद्याचे स्पष्ट कलम नसेल तेथे प्रथम देशाची रूढी, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोही नसेल तर न्याय व सदसद्विवेक. वरवर पाहता ही योजना अधिक शहाणपणाची होती, कारण तिने व्यवहाराला ग्रंथाच्या वर स्थान दिले. त्याच वर्षी आर्थर स्टील याने तयार केलेला हिंदू जातींच्या कायद्यांचा व रूढींचा संग्रह याच दृष्टीचे फळ होय.

परंतु रूढी कोणती हे कोणी सांगावयाचे? शास्त्रीबुवांनी आणि जातीच्या प्रमुखांनी. स्त्रियांशी संबंधित रूढींची माहिती देणारे पुरुषच होते. त्यामुळे जी रूढी कचेरीच्या कागदावर उतरली ती 'जातीची रूढी' म्हणून उतरली, तरी तिच्यात जातीतील अर्ध्या माणसांचे मत नव्हते. ही उणीव पुढील तीन खटल्यांच्या निकालांत प्रकर्षाने जाणवते.

५. तीन निकाल

पहिला निकाल १८४७ चा. मुंबईतील खोजा व मेमन या दोन्ही व्यापारी जमाती धर्माने मुसलमान होत्या. त्यांतील मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाने सांगितलेला हिस्सा मिळावा म्हणून मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दावे लावले. सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशापुढे प्रश्न उभा राहिला तो हा की, या मुलींना इस्लामी शास्त्र लागू करावयाचे की जमातीची रूढी? रूढी अशी सांगण्यात आली की या जमाती वारशाच्या बाबतीत हिंदूंप्रमाणे वागतात; मुलींना अन्नवस्त्र आणि लग्नाचा खर्च मिळतो, वाटा मिळत नाही. पेरी याने रूढी ग्राह्य धरली आणि मुलींचे दावे फेटाळले.

या निकालाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. धर्माने मुसलमान असलेल्या मुलीला तिच्या धर्माने देऊ केलेला हक्क, हिंदूंसारख्या रूढीच्या आधारे नाकारण्यात आला. हिंदू मुलीला वाटा नव्हता कारण शास्त्रात नव्हता. खोजा मुलीला नव्हता कारण शास्त्रात असूनही रूढीत नव्हता. कारणे परस्परविरुद्ध, फलित मात्र एकच.

दुसरा निकाल १८६४ चा. गुजरातमधील तळपदा कोळी या जातीत, पतीची संमती नसतानाही स्त्रीने त्याला सोडून दुसऱ्याशी 'नातरा' म्हणजे पुनर्विवाह करावा अशी रूढी असल्याचे सांगितले गेले. असा विवाह केलेल्या स्त्रीचा आणि तिच्या नव्या जोडीदाराचा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ही रूढी नीतीविरुद्ध म्हणून अग्राह्य ठरविली. म्हणजे १८४७ मध्ये ज्या तत्त्वाने रूढीला शास्त्राहून श्रेष्ठ मानले, ते तत्त्व सतरा वर्षांनी, रूढी स्त्रीच्या बाजूची निघताच, बाजूला सारले गेले.

तिसरा निकाल समजून घेण्यासाठी १८५६ च्या विधवाविवाह कायद्याकडे पाहावे लागते. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनी झालेला हा कायदा स्त्रीउद्धाराच्या इतिहासात गौरवाने उल्लेखिला जातो, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमाने असे ठरविले की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील सर्व हक्क संपुष्टात येईल. ज्या जातींत विधवाविवाह मुळीच होत नव्हता त्यांच्यासाठी हा कायदा मुभा देणारा होता. पण ज्यांच्यात पाट पिढ्यान्पिढ्या चालत होता, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांना त्याचे दुसरे कलम लागू करावयाचे काय? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ साली 'विठू विरुद्ध गोविंदा' या खटल्यात होकारार्थी दिले. पाट लावणाऱ्या विधवेने पहिल्या घराच्या मालमत्तेवर पाणी सोडावे अशी रूढी काही जातींत पूर्वीपासून होती, हे येथे मान्य केले पाहिजे. परंतु जातीजातींत, गावागावांत जे तडजोडीने ठरत होते ते आता सरसकट आणि सक्तीचे झाले. विधवेपुढे दोन पर्याय उरले : जमीन ठेवावी आणि एकटे राहावे, अथवा संसार करावा आणि जमीन सोडावी. विधुराला असा प्रश्न कधीच पडला नाही.

या तीन निकालांना एकत्र ठेवले असता एक आकृती स्पष्ट होते. रूढी, नीती आणि लिखित कायदा ही न्यायाची तीन साधने आळीपाळीने वापरली गेली. साधन बदलत गेले, फलित बदलले नाही. यामागे न्यायाधीशांचे कारस्थान होते असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील विवाहित स्त्रीलाही १८८२ पर्यंत स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण स्वतंत्र हक्क नव्हता. तेव्हा स्त्रीला वाटा नसणे हे त्या न्यायाधीशांना स्वाभाविक वाटले असावे. पण खरे कारण त्याहून खोल आहे. जमीन व पेढी पुरुषांच्या वंशात राहावी हा हिंदू कुणबी, खोजा व्यापारी आणि इंग्रज न्यायाधीश या तिघांचाही समान आग्रह होता; आणि ज्या बाबतीत तिघांचे एकमत होते त्या बाबतीत धर्मभेद आड आला नाही.

या निरीक्षणाला अपवाद आहेत आणि ते दडविणे योग्य नव्हे. मुंबई इलाख्यातील कन्या व बहीण यांना परंपरेने मिळालेले वारसाहक्क याच न्यायालयांनी मान्य केले. स्त्रीचे पारडे नेहमीच हलके राहिले असे म्हणता येत नाही. पण हे हक्क मुख्यतः पुत्र नसतानाचे होते. पुत्राच्या बरोबरीने वाटा मागणारी कन्या जेथे जेथे उभी राहिली, तेथे तेथे तिला अन्नवस्त्रावर भागवावे लागले.

६. नांदण्याची सक्ती

मालमत्तेप्रमाणेच पतिगृही नांदण्याचा प्रश्नही दोन्ही समाजांतील स्त्रियांना एकाच उंबरठ्यावर आणून सोडतो. पत्नी नांदावयास येत नाही म्हणून न्यायालयाच्या हुकुमाने तिला आणण्याचा दावा मुळात इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतील. तो मुसलमान पतीलाही लावता येतो असे १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने 'मुनशी बझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम' या खटल्यात मान्य केले. हाच दावा १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी याने पत्नी रखमाबाई हिच्यावर लावला.

रखमाबाईंची हकीकत सुपरिचित आहे. अकराव्या वर्षी विवाह. पतीच्या घरी कधीच नांदणे नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांचा त्यांच्या बाजूने निकाल. १८८६ मध्ये अपिलात तो रद्द. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम, की पतीकडे जावे नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा. तुरुंग पत्करण्याची रखमाबाईंची तयारी. आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड. पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सेवा केली. या हकिकतीतील एक बाब मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. रखमाबाई सुतार जातीच्या होत्या. त्यांच्या जातीत विधवाविवाहाची चाल होती. त्यांच्या मातोश्री जयंतीबाई यांनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला होता. त्या जातीच्या मुलीवरील दाव्याचा वाद वृत्तपत्रांतून रंगला तो मात्र 'हिंदू धर्म बुडाला' या भाषेत. म्हणजे पाट चालणाऱ्या जातीतील स्त्रीला ब्राह्मणी आदर्शाने मोजले गेले, आणि इंग्रजी चर्चच्या साधनाने आवळले गेले. शम्सुन्निसा बेगम आणि रखमाबाई यांचे धर्म वेगळे, प्रांत वेगळे. ज्या दाव्याला त्यांनी तोंड दिले तो मात्र दोघींच्याही धर्मग्रंथांत नव्हता.

७. मराठी साहित्यातील प्रतिबिंब

येथे साहित्याच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी साहित्याने स्त्रीच्या दुःखाला वाचा फोडली, हे सर्वमान्य आहे. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' पर्यंत विधवेची व्यथा हा मराठी कादंबरीचा मध्यवर्ती विषय राहिला. परंतु ही विधवा कोणती? ती जवळजवळ नेहमी उच्चवर्णीय, केशवपनाच्या भयाखाली वावरणारी, पुनर्विवाहाची बंदी सोसणारी स्त्री आहे. पाट लावल्यामुळे जमीन गमावलेली कुणबीण तिथे नाही. वडिलांच्या पेढीत वाटा मागून परत पाठविलेली खोजा मुलगी तर मुळीच नाही. ज्या स्त्रियांचे प्रश्न त्याच दशकांत त्याच शहरातील न्यायालयात चर्चिले जात होते त्या मराठी कादंबरीच्या दाराशीही पोहोचल्या नाहीत. याचे कारण लेखकांच्या सहृदयतेचा अभाव हे नसून अनुभवाची मर्यादा हे आहे. लेखकाने आपल्या घरातील विधवा पाहिली होती. न्यायालयातील स्त्री पाहिली नव्हती.

या पार्श्वभूमीवर ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या निबंधाचे वेगळेपण उठून दिसते. सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येच्या प्रकरणात १८८१ साली झालेल्या शिक्षेनंतर वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर जी आग पाखडली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या मराठा स्त्रीने तो लिहिला. तिने विचार केवळ विधवेपुरता मर्यादित ठेवला नाही. जे नियम स्त्रीला बांधतात ते पुरुषाला का बांधत नाहीत, आणि ते नियम घडविले कोणी, हा तिचा मूळ प्रश्न आहे. नियमातील मजकुरापेक्षा नियमकर्त्याकडे बोट दाखविण्याची ही दृष्टी प्रस्तुत लेखातील विवेचनाशी जुळते. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून तिची पाठराखण केली. त्यानंतर हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला. नव्वद वर्षांच्या या मौनातही आपल्या वाङ्मयेतिहासाची वृत्ती दिसून येते.

मुस्लिम स्त्रीचा आवाज त्या काळात अन्य भाषांतून उमटत होता. १८९८ मध्ये लाहोर येथे मुहम्मदी बेगम यांच्या संपादनाखाली 'तहजीब-ए-निस्वाँ' हे उर्दू साप्ताहिक निघाले. बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही कथा इंग्रजीत लिहून पुरुषांना पडद्यात बसविणाऱ्या राज्याची कल्पना मांडली. ताराबाई आणि रुकैया यांना एकमेकींची ओळख असण्याचे कारण नाही. तरी दोघींची युक्ती एकच आहे : नियमाची दिशा फिरवून पाहणे, म्हणजे नियम करणाऱ्याचा चेहरा दिसू लागतो.

८. विसाव्या शतकातील परिणती

१९३७ हे वर्ष या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत पुत्राइतका हिस्सा मिळाला. पण तो तिच्या हयातीपुरता, मर्यादित स्वरूपाचा. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या अंमलबजावणीचा कायदा करून मुसलमान स्त्रीचे वारसाहक्क नाकारणाऱ्या रूढी दूर करण्यात आल्या. म्हणजे १८४७ मध्ये मुंबईच्या मुलींनी जे मागितले होते ते तत्त्वतः नव्वद वर्षांनी मान्य झाले. परंतु दोन्ही कायद्यांतून एक गोष्ट सारखीच वगळली गेली : शेतजमीन. मुस्लिम कायद्यात ती स्पष्ट शब्दांत वगळली होती. हिंदू कायदा तिला लागू नाही असे १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने ठरविले. शेतजमीन हा विषय प्रांतांच्या अखत्यारीतला, हे त्याचे वैधानिक कारण होते. तथापि कृषिप्रधान देशात शेतजमीन वगळून दिलेला वाटा किती स्त्रियांच्या उपयोगी पडला असेल याचे उत्तर देण्यास आकडेवारीची गरज नाही.

१९३९ मध्ये मुस्लिम स्त्रीला न्यायालयामार्फत विवाहविच्छेद मागण्याचा हक्क मिळाला. त्यात हनफी स्त्रीची अडचण सोडविण्यासाठी मालिकी पंथाच्या मताचा आधार घेण्यात आला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंतील द्विभार्याविवाहास बंदी आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. हे दोन्ही कायदे संपूर्ण देशातील हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) आधीचे होत. १९५६ मध्ये हिंदू कन्या वारस झाली, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत ती पुत्राच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटेकरी झाली ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये. मुस्लिम स्त्रियांच्या बाजूने हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत काढलेला सात स्त्रियांचा मोर्चा आणि १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ ही मराठी प्रदेशातील घटना आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला तो २०१७ मध्ये, म्हणजे त्या मोर्चानंतर अर्ध्याहून अधिक शतकाने.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, हिंदू व मुस्लिम स्त्रियांच्या भूतकालीन दर्जाची तुलना केवळ धर्मग्रंथांच्या आधारे करणे ही अभ्यासपद्धती अपुरी आहे. त्या दोघींमध्ये ग्रंथांनी निर्माण केलेले अंतर व्यवहाराने पुष्कळ अंशी पुसून टाकले होते. दुसरी, एकाच धर्मातील वरच्या व खालच्या स्तरांतील स्त्रियांच्या स्थितीतील अंतर दोन धर्मांतील अंतरापेक्षा कित्येकदा मोठे होते. तिसरी आणि महत्त्वाची, 'ग्रंथ की रूढी' हा वाद वस्तुतः तत्त्वाचा नव्हता. दोहोंपैकी जे स्त्रीला वाटा नाकारीत असे ते स्वीकारले गेले. आणि जे तिला काही देऊ करीत असे ते कधी अधर्म, कधी अनीती, तर कधी परकी चाल म्हणून बाजूस ठेवले गेले.

मराठी साहित्याच्या संशोधकाला यातून एक कामही सुचते. आपण संतवाङ्मय, बखरी, कादंबऱ्या आणि आत्मचरित्रे यांतून स्त्रीचा शोध घेतला. तो आवश्यक होता. परंतु काझी दप्तरे, पाटदामाच्या नोंदी, फारकतीचे कागद आणि न्यायालयीन साक्षी यांतही स्त्री बोलते. पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून, पुष्कळदा आपल्या विरुद्ध लिहिलेल्या कागदात, पण बोलते. १८४७ मध्ये न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या त्या मुलींनी पुस्तके लिहिली नाहीत. आम्हांला अन्नवस्त्र नको, वाटा हवा, एवढेच त्यांनी मागितले. ती मागणी मराठी स्त्रीविषयक विचाराच्या इतिहासात नोंदविली गेली नाही. ती नोंद करणे हे आता आपले काम आहे.